लॅपटॉप कंपनीचा, आधार कार्ड आपलं

नोकरी सोडताना परत केलेला लॅपटॉप पुसून दुसऱ्याला द्यायचा, हे काम ज्यांनी काही वर्षं केलंय त्यांना विचारा, ‘डाउनलोड्स’च्या फोल्डरमध्ये काय काय सापडतं. आधार कार्डाची पीडीएफ, तीही चारचारदा उतरवलेली, कारण आधीची कुठे गेली ते आठवत नाही. गावाकडच्या जमिनीचा सातबारा. आईचा सोनोग्राफीचा रिपोर्ट. होम लोनचं सँक्शन लेटर, मंगल कार्यालयाचं कोटेशन, मुलीच्या स्कॉलरशिप परीक्षेचं हॉल तिकीट. आणि ‘रेझ्युमे न्यू फायनल २’ नावाची एक फाइल: कंपनी सोडून जाण्याची तयारी, त्याच कंपनीच्या लॅपटॉपवर बसून केलेली. मी हे काम केलंय. कुणाची झडती घ्यायचा हेतू नसायचा. पुसण्याआधी कामाच्या फाइली बाजूला काढायच्या, एवढंच सांगितलेलं असायचं. पण फोल्डर उघडला की दिसायचं ते दिसतंच.

कंपनीच्या कॉम्प्युटरवरच्या खासगीपणाचा विषय निघाला की लोक दोन टोकांना जातात. काही म्हणतात, ‘ते चोवीस तास सगळं बघतात.’ काही म्हणतात, ‘दहा हजार माणसांचं कोण बघत बसतंय?’ दोघांचंही अर्धं खरं आहे. नोंद रोज होते, आपोआप होते. वाचली जाते ती वेळ आल्यावर. तुमच्याविरुद्ध तक्रार झाली, ग्राहकाचा डेटा फुटला, तुम्ही राजीनामा दिलात, साहेबाशी बिनसलं, किंवा कपातीच्या यादीत नाव घालायला कारण हवं होतं, की मग दोन वर्षांपूर्वीची नोंदसुद्धा बाहेर निघते. ती वेळ आधी सांगून येत नाही. म्हणून काळजी घ्यायची ती काहीच घडलेलं नसतं अशा एखाद्या साध्या मंगळवारी.

नेमकं काय दिसतं

‘इन्कॉग्निटो’ खिडकी उघडून नोकरीच्या साइट चाळणारे बरेच आहेत. त्या खिडकीने एवढंच होतं, की त्या यंत्रावरच्या ब्राउझरच्या हिस्ट्रीत मागे काही राहत नाही. घरी एकच कॉम्प्युटर दोघांत असेल तर त्याचा उपयोग. कंपनीच्या नेटवर्कला आणि लॅपटॉपमध्ये बसवलेल्या सॉफ्टवेअरला त्याने काडीचा फरक पडत नाही. ‘मी तर घरच्या वायफायवर आहे’ हेही तसंच. कंपनीचा व्हीपीएन किंवा झेडस्केलरसारखी सेवा चालू असली, की तुमच्या हॉलमधून निघालेली वाहतूकसुद्धा आधी कंपनीच्या चाळणीतून जाते आणि मग बाहेर पडते.

आणखी एक समज असा, की साइट सुरक्षित असली, पत्त्याआधी ‘एचटीटीपीएस’ असलं, की मधल्या कुणाला मजकूर वाचता येत नाही. स्वतःच्या लॅपटॉपवर हे बरोबर आहे. कंपनीच्या लॅपटॉपवर कंपनी स्वतःचं एक मूळ सर्टिफिकेट बसवू शकते. ते बसलं, की मधला सर्व्हर वाहतूक उघडतो, तपासतो, पुन्हा बंद करून पुढे पाठवतो, आणि ब्राउझर काही कुरकुर करत नाही. हे तपासणं अवघड नाही. एखादी साधी बातम्यांची साइट उघडा, पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करा आणि सर्टिफिकेट कुणी दिलंय ते पाहा. तिथे तुमच्या कंपनीचं किंवा झेडस्केलर, नेटस्कोप असलं नाव दिसलं, तर पाकीट वाटेत उघडलं जातंय. बँकेच्या साइटवर हा प्रयोग करून निर्धास्त होऊ नका. बऱ्याच कंपन्या बँका आणि दवाखान्यांच्या साइट या तपासणीतून मुद्दाम वगळतात.

क्रोमच्या तीन टिंबांच्या मेनूत अगदी तळाशी ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ अशी ओळ असते. तिच्यावर क्लिक केलं, की कंपनीने कोणती एक्स्टेन्शन्स टाकली आहेत आणि त्यांना काय काय वाचता येतं, ते बऱ्यापैकी कळतं. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग अकाउंट्स, मग ‘ॲक्सेस वर्क ऑर स्कूल’ इथे कंपनीची जोडणी दिसते. यातून ताबा कुणाचा आहे ते समजतं. रोज काय नोंदलं जातंय ते समजत नाही, ते विचारावंच लागतं.

चॅटबद्दल मात्र शंकेला फारशी जागा नाही. टीम्सवरचं दोघांतलं बोलणं कंपनीला शोधून काढता येतं. कंपनीने जतन करण्याची मुदत घातलेली असेल, तर तुम्ही पुसलेला किंवा बदललेला मेसेजही मूळ रूपात मागे राहतो. गूगलच्या ऑफिस खात्यांसाठी हेच काम ‘व्हॉल्ट’ करतं. स्लॅकमध्ये विशिष्ट प्लॅनवर आणि काही अटींवर मालकाला खासगी मेसेजसुद्धा काढून घेता येतात. तेव्हा ‘हे तुझ्या-माझ्यातच’ असं लिहून साहेबाबद्दल जे काही टाइप केलं जातं, ते फार तर आज तुमच्या-माझ्यातच असतं. सहकाऱ्याशी मन मोकळं करायचं असेल तर चहाच्या टपरीसारखी जागा नाही. तिथली नोंद कुणी ठेवत नाही, आणि चहाही बरा असतो.

शेवटी स्क्रीन. ठराविक वेळाने स्क्रीनशॉट घेणारी, कोणती खिडकी किती वेळ उघडी होती ते मोजणारी, कीबोर्डचे ठोके मोजणारी सॉफ्टवेअर्स सर्रास मिळतात. ठोके मोजणं आणि टाइप केलेला मजकूर टिपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात तुमचा पासवर्डही जातो. अपवर्कवर तासांच्या हिशेबाने काम करणाऱ्यांना स्क्रीनशॉटची सवय असते. तिथे निदान तो प्रकार उघड आहे. स्वतःचे स्क्रीनशॉट स्वतःला दिसतात, आणि नको असलेला पुसताही येतो. त्या वेळेचे पैसे मात्र सोडावे लागतात. ऑफिसच्या लॅपटॉपवर असलं सॉफ्टवेअर असतं तेव्हा ते दिसेलच असं नाही.

कायद्याचा आधार किती

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय दिला. तो वाचून अनेकांना वाटतं, की आता कंपनीला आपल्या लॅपटॉपकडे पाहताच येणार नाही. तसं नाही. मूलभूत हक्कांचा रोख मुख्यतः सरकारकडे असतो. खासगी मालकाने स्वतःच्या यंत्रावर देखरेख ठेवण्यावर बंदी घालणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही, आणि रुजू होताना ज्या पंधरा-वीस पानांवर आपण न वाचता सह्या केल्या त्यात देखरेखीचं कलम बहुधा असतंच.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याकडून अपेक्षा होती. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. पण नोकरदारांनी त्यातलं सातवं कलम नीट पाहावं. नोकरीच्या कारणांसाठी, किंवा मालकाला नुकसान आणि जबाबदारीपासून वाचवण्यासाठी, म्हणजे हेरगिरी रोखणं, व्यापारी गुपितं सांभाळणं वगैरेसाठी, कर्मचाऱ्याचा डेटा वापरायला त्याची संमती लागत नाही, असं ते म्हणतं. आणि ‘माझ्याबद्दल काय साठवलंय ते दाखवा’ असं मागण्याचा हक्क देणारं अकरावं कलम मुख्यतः संमतीने घेतलेल्या डेटाला लागू आहे. म्हणजे मालकाने सातव्या कलमाचं बोट धरलं, की तो हक्क तुमच्या हातून निसटतो. माझ्या मते या कायद्याचा नोकरदारासाठी सर्वांत कच्चा भाग हाच आहे, आणि त्याबद्दल युनियनवाल्यांनी जितका आवाज उठवायला हवा होता तितका उठला नाही.

मग उरतं काय? मुख्य तरतुदी लागू झाल्या, की डेटा सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी कंपनीवर उरते. त्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तुमचा डेटा फुटला तर तुम्हाला कळवणं तिला भाग आहे. तक्रार ऐकणारी यंत्रणा ठेवावी लागते. याशिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६सी आहे: दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं हा गुन्हा आहे. लॅपटॉप कंपनीचा आहे म्हणून त्यात सेव्ह राहिलेल्या पासवर्डने तुमच्या वैयक्तिक जीमेलमध्ये शिरण्याचा परवाना कुणाला मिळत नाही.

इतर देशांतल्या दोन खटल्यांतून ही सीमारेषा चांगली कळते. रुमानियात बोग्दान बर्बुलेस्कू नावाचा विक्री विभागातला इंजिनिअर होता. कंपनीच्या सांगण्यावरून ग्राहकांसाठी त्याने याहू मेसेंजरचं खातं काढलं. जुलै २००७ मध्ये कंपनीने त्याला सांगितलं, की आठवडाभर तुझं बोलणं तपासलं आहे. तो म्हणाला, मी ते फक्त कामासाठी वापरतो. त्यावर त्याच्यापुढे ४५ पानांचा उतारा ठेवला गेला. त्यात भाऊ आणि होणारी बायको यांच्याशी झालेल्या खासगी गप्पाही होत्या. नोकरी गेली. दहा वर्षं भांडल्यावर, सप्टेंबर २०१७ मध्ये, युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठाने अकरा विरुद्ध सहा मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. देखरेख करूच नका, असं न्यायालयाने म्हटलं नाही. आधी कळवलं होतं का, कारण सबळ होतं का, कमी घुसखोरीत भागलं असतं का, मजकूर वाचण्याची गरज होती का, हे प्रश्न विचारले पाहिजेत, असं म्हटलं. एचआरला प्रश्न विचारायचे झाले तर हीच यादी भारतातही उपयोगी आहे, निकाल इथे बंधनकारक नसला तरी.

दुसरा खटला न्यू जर्सीचा, आणि तिथल्या मराठी वाचकांनी तर तो माहीत करून घ्यावाच. मरीना स्टेन्गार्ट या नर्सिंग विभागाच्या प्रमुख. कंपनीवर दावा लावण्याआधी त्यांनी वकिलाला पत्रं लिहिली. काळजी घेतली: ऑफिसचं नाही, स्वतःचं याहू खातं वापरलं, पासवर्डही सेव्ह केला नाही. लॅपटॉप मात्र कंपनीचा होता. ब्राउझरने उघडलेल्या प्रत्येक पानाची प्रत आपल्या तात्पुरत्या साठ्यात ठेवली. त्या नोकरी सोडून गेल्यावर कंपनीने तज्ज्ञांकडून हार्ड डिस्कची हुबेहूब नक्कल काढली आणि ती पत्रं कंपनीच्या वकिलांच्या हाती पडली. २०१० मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने स्टेन्गार्ट यांची बाजू उचलून धरली, कारण वकील-अशिलाचं बोलणं होतं आणि कंपनीची पॉलिसीही संदिग्ध होती. पण जिंकण्यासाठी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. तेच पत्र स्वतःच्या फोनवरून गेलं असतं तर प्रश्नच उद्भवला नसता. डॉक्टर, वकील, नवी नोकरी आणि घरातली भांडणं या चार गोष्टी कंपनीच्या यंत्रावर कुठल्याच खात्यातून नकोत.

घर वेगळं करायचं ते असं

सर्वांत आधी मोबाइल नंबर. लॅपटॉपवरच्या लेखात हे कुठून आलं असं वाटेल, पण लोक खरे अडकतात ते इथे. सेल्स, बांधकाम, बँकिंग, औषध कंपन्या अशा ठिकाणी कंपनी सिम देते. ते चांगलं चालतं, बिल कंपनी भरते, म्हणून हळूहळू तोच नंबर बँकेला, आधारला, पीएफच्या खात्याला, गॅसच्या बुकिंगला दिला जातो. मग नोकरी सुटते आणि सिम परत जातं. पगाराच्या खात्यात लॉगिन करायला ओटीपी हवा, तो जातो कंपनीच्या ड्रॉवरमध्ये पडलेल्या सिमवर, किंवा त्याहून वाईट म्हणजे तुमच्या जागी आलेल्या माणसाच्या फोनवर. नंबर बदलायला बँकेत गेलं की आधार मागतात, आधारला जुनाच नंबर, आणि पीएफ काढायला दोन्ही लागतात. हे हेलपाटे कुणाला चुकलेले नाहीत. तेव्हा कंपनीचं सिम असेल तर आजच पाहा, की आधार, पॅन, बँक, पीएफ, इन्कम टॅक्सचं पोर्टल आणि विमा यांपैकी कशालाही तो नंबर किंवा ऑफिसचा ईमेल जोडलेला नाही ना. जीमेलच्या ‘रिकव्हरी’च्या रकान्यातसुद्धा ऑफिसचा ईमेल सापडतो बरं का, वर्षांपूर्वी टाकलेला असतो आणि विसरलेला असतो.

मग ब्राउझर. ऑफिसच्या क्रोममध्ये स्वतःच्या जीमेलने साइन इन करून ‘सिंक’ चालू केलं, की घरी सेव्ह केलेले सगळे पासवर्ड आणि बुकमार्क त्या यंत्रावर उतरतात. उलटही होतं: ऑफिसच्या आतल्या पोर्टलचे पासवर्ड तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर जातात, आणि हे कंपनीच्या लक्षात आलं तर चौकशी तुमची होते. ऑफिसच्या ब्राउझरमध्ये वैयक्तिक प्रोफाइल ठेवूच नका. आधीच असेल तर सिंक बंद करा, प्रोफाइल काढून टाका, आणि घरी जाऊन महत्त्वाचे पासवर्ड बदला.

व्हॉट्सॲप वेब हा सगळ्यांचा लाडका गुन्हा. टाइप करायला सोपं जातं हे मान्य. पण स्क्रीनशॉट घेणारं सॉफ्टवेअर असेल तर सासरच्या ग्रुपपासून सोसायटीच्या भांडणापर्यंत सगळं त्या चित्रात येतं, आणि मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करताना वरून टपकणारा मेसेज तर सगळ्या टीमलाच दिसतो. फोनमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडलं की कुठे कुठे चालू आहे ते दिसतं. ऑफिसचं यंत्र तिथून बाहेर काढा.

फोनवर ऑफिसचं ईमेल घेताना एक स्क्रीन येतो, ज्यावर आपण न वाचता ‘ॲक्टिव्हेट’ दाबतो. तो वाचा. ‘इरेज ऑल डेटा’ अशी ओळ त्यात असेल तर तुमच्या स्वतःच्या पैशाने घेतलेला फोन दूरवरून पूर्ण पुसण्याचा अधिकार तुम्ही कंपनीला देताय, त्यातल्या बाळाच्या फोटोंसकट. अँड्रॉइडमध्ये ‘वर्क प्रोफाइल’ मिळत असेल तर ते घ्या. त्यात ऑफिसच्या ॲपवर छोट्या ब्रीफकेसचं चिन्ह दिसतं, आणि कंपनीला पुसता येतो तो तेवढाच कप्पा. ते देत नसतील आणि ईमेल फोनवर हवंच असा आग्रह असेल, तर फोनही कंपनीने द्यावा असं म्हणायला लाजू नका.

कागदपत्रांचं सांगायला नको. आधार, पॅन, सातबारा, रिपोर्ट हे सगळं स्वतःच्या पेनड्राइव्हवर घेऊन लॅपटॉपवरून काढून टाका, असं मी म्हणणार होतो. पण बऱ्याच कंपन्यांत पेनड्राइव्ह लावला की थेट सुरक्षा विभागाला इशारा जातो. म्हणून आधी व्यवस्थापकाला किंवा आयटीला दोन ओळी लिहून विचारा, की वैयक्तिक फाइली कशा हलवू. लेखी परवानगी घेऊन केलेलं काम आणि गुपचूप केलेलं काम नोंदीत सारखंच दिसतं. फरक त्या दोन ओळींनी पडतो.

एआयबद्दल थोडक्यात. २०२३ मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी आतला कोड चॅटजीपीटीत टाकल्यावर कंपनीने त्यावर बंदी घातली. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या अर्थ मंत्रालयाने ऑफिसच्या यंत्रांवर अशी साधनं वापरू नका असं कर्मचाऱ्यांना सांगितलं. हा झाला कंपनीच्या गुपितांचा भाग. पण लोक तिथे पगाराची बोलणी, नैराश्य, नवऱ्याशी पटत नाही, असंही लिहितात, आणि तेही ऑफिसच्या लॉगिनने. ते खातं कंपनीचं आहे.

घरून काम, कॅमेरा आणि हलता माउस

फ्लोरिडातल्या चेटू या कंपनीसाठी नेदरलँड्समधून काम करणाऱ्या एका टेलिमार्केटिंग कर्मचाऱ्याला २०२२ मध्ये दिवसभर कॅमेरा चालू ठेवायला सांगितलं. तो म्हणाला, स्क्रीन तर मी आधीच शेअर करतोय, कॅमेरा कशाला? त्याला काढलं. डच न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं आणि कंपनीला सुमारे ७५ हजार युरोचा भुर्दंड बसला. आपल्याकडे असा निकाल मिळेलच याची हमी नाही, तेव्हा व्यवहाराने घ्या. कॅमेऱ्यावर सरकती पट्टी लावा, ती कुठेही मिळते. पाठीमागे भिंत येईल असं बसा. वन रूम किचनमध्ये ते जमत नसेल तर पार्श्वभूमी धूसर करा. दिवसभर कॅमेऱ्याची सक्ती असेल तर घरातली इतर माणसं चित्रात येतात, त्यांनी कंपनीच्या कुठल्याही कागदावर सही केलेली नाही, हा मुद्दा लेखी मांडा. तो चालतो, कारण त्यात तुमच्या कामचुकारपणाचा प्रश्न येत नाही. आणि मुलांना गृहपाठासाठी, गेमसाठी ऑफिसचा लॅपटॉप देऊ नका. त्यांनी काय उघडलं त्याचा जाब तुम्हाला द्यावा लागेल.

आपोआप माउस हलवणारी खेळणी मिळतात. चॅटमध्ये नावाशेजारचा ‘हजर’ दाखवणारा हिरवा ठिपका हिरवाच राहतो. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने डझनभराहून जास्त कर्मचाऱ्यांना काढलं, कारण ते कीबोर्डवर काम चालू असल्याचा आभास निर्माण करत होते. ठोके मोजून काम मोजणारा मालक शहाणा असतो असं मला वाटत नाही. तरी उत्तर म्हणून खोटे ठोके देऊ नका. मग विषय देखरेखीचा राहत नाही, फसवणुकीचा होतो. त्यापेक्षा काय मोजता ते विचारा. मेल साधा असावा, तक्रारीचा सूर नको:

‘मला दिलेल्या लॅपटॉपवर स्क्रीनशॉट, कॅमेरा किंवा टाइप केलेला मजकूर नोंदवणारं सॉफ्टवेअर आहे का? असल्यास ते कामाच्या वेळेपुरतं चालतं की कायम? ही माहिती कोण पाहू शकतं आणि किती काळ ठेवली जाते? वैयक्तिक वापराबद्दलची सध्याची पॉलिसी कृपया पाठवावी.’

हा मेल राजीनाम्याच्या आठवड्यात नको; रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात पाठवला तर कुणालाही वावगं वाटत नाही.

नोंदीची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. साहेबाने फोनवर तोंडी सांगितलं, की शनिवारी या, किंवा अमुक आकडा बदला, तर ‘आपल्या बोलण्याप्रमाणे असं करत आहे’ एवढी ओळ ऑफिसच्या मेलवर टाका. ती तारीखवेळेसकट राहते. लैंगिक छळाच्या तक्रारीत तर हे फारच महत्त्वाचं. २०१३ च्या कायद्यानुसार घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करायची असते, आणि अंतर्गत समितीला कागदपत्रं मागवण्याचे अधिकार आहेत. चॅट पुसलं गेलं असं वाटलं तरी खचू नका. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या चॅनेलवर, हे स्वतःच्या वहीत लिहा आणि समितीला लेखी विनंती करा, की त्या काळातली नोंद जतन करावी.

निघताना

राजीनामा दिला, की तुमच्या खात्यावरची नजर वाढते, असं धरून चाला. मागचे तीन महिने काय डाउनलोड केलं, कुठे पाठवलं, हे नोटीस पिरियडमध्ये हमखास पाहिलं जातं. म्हणून या काळात दोन मोह आवरायचे. एक म्हणजे स्वतः बनवलेली प्रेझेंटेशनं, क्लायंटची यादी, कोड ‘आठवण म्हणून’ स्वतःच्या जीमेलवर पाठवणं. तुम्ही रात्री जागून बनवलेलं असलं तरी ते कंपनीचं आहे. परवानगीशिवाय प्रत काढणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमात येतं, आणि अप्रामाणिक हेतू सिद्ध झाला तर ६६ व्या कलमाने तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसरा मोह म्हणजे सगळं पुसून लॅपटॉप कोरा करून देणं. माहिती नष्ट करणंही त्याच कलमात आहे. नुसत्या आपल्या चार फोटोंसाठी यंत्र फॉरमॅट करून दिलं, तर काय लपवायचं होतं, हा प्रश्न रिलीव्हिंग लेटर अडवायला पुरेसा होतो.

स्वतःची कागदं मात्र वेळेत घ्या: पगाराच्या स्लिप, फॉर्म १६, अपॉइंटमेंट आणि इन्क्रिमेंटची पत्रं, पीएफचा क्रमांक. ही तुमचीच आहेत, पण पोर्टल शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतं. कपातीत तर मीटिंग संपायच्या आत लॉगिन जातं. म्हणून दर तीन महिन्यांनी ती उतरवून ठेवायची सवय बरी. लॅपटॉप देताना सिरीयल नंबर लिहिलेली पोच घ्या, आणि घरी आल्यावर गूगल खात्याच्या ‘युवर डिव्हायसेस’मधून ते यंत्र काढून टाका.

एवढं सगळं मोठ्या कंपन्यांना धरून लिहिलं. एमआयडीसीतल्या पंधरा माणसांच्या ऑफिसात, सीएच्या किंवा बिल्डरच्या केबिनबाहेर बसणाऱ्यांची गोष्ट उलटी असते. तिथे पॉलिसी नसते, एचआर नसतो, नोंदी फारशा नसतात. पण मालकाची स्वतःची नजर असते, आणि ती रोजची असते. मोठ्या कंपनीत तुमचा मेल उघडायला दोन-तीन परवानग्या लागतात. इथे कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या पोराला सांगितलं की काम होतं. त्याने एनीडेस्कसारखं सॉफ्टवेअर कायमचा पासवर्ड घालून ठेवलेलं असलं, तर मालक घरी बसून तुमची स्क्रीन उघडू शकतो. ते चालू असताना एनीडेस्क बहुधा कोपऱ्यात छोटी खिडकी किंवा चिन्ह दाखवतं, तिकडे लक्ष ठेवा. सगळ्या ऑफिसचा एकच पासवर्ड असेल तर तुमच्या नावाने दुसऱ्याने केलेली एंट्रीही तुमच्याच माथी बसते, म्हणून टॅलीत आणि विंडोजमध्ये स्वतःचं वेगळं लॉगिन मागून घ्या. मालकाला ते ‘चूक झाली तर कुणाची ते कळेल’ असं सांगितलं की लगेच पटतं.